नमुन्याचे मोजे

या, बसा. पाय वर घ्या, ऐसपैस बसा. आज तुम्हाला एका माणसाच्या मोज्यांची गोष्ट सांगतो. आत्ताच हसू नका. दोन मोज्यांपायी चांगला चाललेला संसार कसा डगमगतो ते आधी ऐका, मग काय हसायचं ते हसा.

तर हा माणूस पुरुषांच्या कपड्यांच्या दुकानात कामाला. शर्ट, पँट, पट्टे, मोजे, सगळं विकायचं. वय झालेलं, डोक्यावर मागच्या बाजूला थोडे केस, पण अंगावरचे कपडे असे, की बघणाऱ्यानं मान वळवून बघावं. भारी म्हणून नाही हां. साधेच. पण जुळलेले. पँटीला शर्ट शोभायचा, शर्टाला पट्टा, पट्ट्याला बूट. दुकानाचा मालक काही मूर्ख नव्हता. त्यानं याला दारातच उभं केलं. गिऱ्हाईक गोंधळलं, कशावर काय घालू कळेना, की मालक गल्ल्यावरून ओरडायचा, "अहो, आमचा नमुना बघा ना!" तेव्हापासून सगळे त्याला नमुनाच म्हणायला लागले.

आता गंमत ऐका. या नमुन्याला रंग दिसायचे नाहीत.

म्हणजे आंधळा नव्हे. निळा दिसायचा, पिवळा दिसायचा. पण हिरवा, तपकिरी, तांबडा, मरून ही सगळी मंडळी त्याच्या डोळ्यांपुढं एकाच गणवेशात उभी राहायची. जन्मापासून तसंच. दुकानात निभायचं, कारण तिथं प्रत्येक कपड्याला चिठ्ठी, चिठ्ठीवर रंगाचं नाव, आणि कुठल्या फळीवर काय आहे ते याला तोंडपाठ. पण घरच्या कपाटात कुठली आलीय चिठ्ठी? तिथं त्याची बायको होती.

बायको रंगाऱ्याची मुलगी. बापाच्या कढईत कापड बुडवत, काठीनं ढवळत लहानाची मोठी झालेली. लग्नाला आठवडा झाला नसेल, यानं तिच्यासाठी हौसेनं हिरवी शाल आणली. ती निघाली विटकरी. तिनं शालीकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं, आणि म्हणाली, "छान आहे." बस. यानं कधी सांगितलं नाही, तिनं कधी विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती रोज सकाळी खुर्चीच्या पाठीवर त्याचे कपडे काढून ठेवायला लागली, आणि ठेवता ठेवता आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणायची, "आज करड्यावर आकाशी." हा ते ऐकायचा, पाठ करायचा, आणि दुकानात जाऊन गिऱ्हाइकाला ऐटीत सांगायचा, "हे बघा, मी काय घातलंय? करड्यावर आकाशी!"

जोड्या लावायचे नियमही तिचेच. "खाली गडद, वर फिकं. पट्टा आणि बूट एका घरचे. मोजे पँटीच्या नात्यातले, बुटाच्या नाही. आणि एका अंगावर एकानंच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. शर्ट चौकड्यांचा असेल तर पँटीनं गप्प बसावं." हे सगळं नमुना दारात उभा राहून आपलंच असल्यासारखं सांगायचा. गिऱ्हाईक खूश, मालक खूश.

इथवर ठीक होतं. पण माणसाची जीभ घसरते ना, तशी याची घसरली.

बायकोच्या भावाकडं एकदा सगळे जेवायला जमले होते. मेहुणा बोलका. म्हणाला, "दाजी, तुमचे कपडे बघितले की वाटतं, आमच्या ताईचा हात असणार. शेवटी रंगाऱ्याची पोर."

सरळ हो म्हणायचं की नाही? नाही! चारचौघांत याला वाटलं, आता आपली किंमत काय राहिली. मोठ्यानं हसून म्हणाला, "हिचा हात? अरे, हिला काय कळतंय रंगातलं! मी दुकानातून येऊन शिकवतो हिला रोज."

सगळे हसले. मेहुणाही हसला. बायको वाढत होती, तिच्या हातातला डाव तिथंच थांबला. मग पुन्हा हलला. ती काही बोलली नाही.

घरी आल्यावरही नाही. आता बायको भांडली तर माणूस निवांत झोपतो, कारण हिशेब तिथल्या तिथं मिटतो. गप्प बसली की मात्र जागा राहतो. नमुना वाट बघत राहिला, की आज बोलेल, उद्या बोलेल. ती रोजच्यासारखी उठायची, खुर्चीवर कपडे ठेवायची, "तपकिरीवर क्रीम" म्हणायची, आणि आत जायची.

मग एक दिवस तो दुकानात शिरला आणि टाचणी त्याच्या पायांकडं बघत उभा राहिला.

टाचणी म्हणजे दुकानातला टेलर. पँटी लांब-आखूड करणारा. तोंडात कायम टाचण्या धरलेल्या, आणि बोलणंही तसंच टोचणारं. टाचण्या तोंडातून काढून म्हणाला, "काय हो नमुनासाहेब, दोन पायांत वाटणी झाली वाटतं? एक पाय हिरव्यात, एक मरूनमध्ये!"

नमुन्यानं खाली बघितलं. त्याला काय दिसणार? दोन्ही मोजे सख्खे भाऊ.

"नवीन पद्धत आहे," तो म्हणाला. "तुला नाही कळायचं."

"असेल बुवा. मग दुसरा असाच जोड घरी असेल तुमच्या."

टाचणी हसत मशीनकडं गेला. नमुन्याच्या मनात मात्र पाल चुकचुकली. इतक्या वर्षांत बायकोच्या हातून बटण चुकलं नाही, आणि आज मोजा चुकला? मग त्याला मेहुण्याकडचं जेवण आठवलं. थांबलेला डाव आठवला.

"अच्छा," तो मनाशी म्हणाला. "असं आहे तर."

पण एका मोज्यावरून बायकोला बोल कसा लावायचा?  पुढच्या आठवड्यात एक गिऱ्हाईक आलं, मास्तर होते शाळेतले. कशावर काय घालावं, म्हणाले. नमुना पुढं झाला, छाती काढून म्हणाला, "मास्तर, माझ्याकडं बघा. तपकिरी पँट, त्यावर क्रीम शर्ट. तपकिरी माणसाला भारदस्त करते."

मास्तरांनी चष्मा पुसला. पुन्हा घातला. "पण ही पँट हिरवी आहे हो."

"कोणती?"

"तुम्ही घातलीय ती."

दुकानात त्या वेळी मालकाचा जावई उभा होता. हा जावई नुकताच धंद्यात लक्ष घालायला लागलेला. दारातली जागा आपल्याला मिळावी असं त्याच्या फार मनात. तो नुसता नमुन्याच्या पँटीकडं बघत राहिला, मग त्याच्या तोंडाकडं, मग पुन्हा पँटीकडं.

नमुन्याला घरून निघतानाचं आठवलं. कपडे चुकीचे दिले असते तर समजलं असतं. पण तिनं तोंडानं सांगितलं होतं, तपकिरी! आपल्या कानांनी ऐकलं होतं! ज्या एका ठिकाणी हा माणूस उघडा आहे, ते ठिकाण जगात एकाच बाईला माहीत, आणि तिनं नेमकं तिथंच बोट घातलं. याला चूक म्हणत नाहीत, तो मनात म्हणाला. याला डाव म्हणतात.

आता आली का पंचाईत! खात्री करायची तर कुणाला तरी रंग विचारायला हवा. विचारावं तर आपलं बिंग फुटणार. मग यानं युक्ती काढली. दुकानाच्या कोपऱ्यावर एक बूट पॉलिशवाला बसायचा. नमुना त्याच्यापुढं पाय ठेवायचा आणि मोठ्या माणसानं पोराची गंमत करावी तसं म्हणायचा, "सांग बरं, ही पँट कोणत्या रंगाची? बघू ओळखतोस का!"

पॉलिशवाला मान वर करून म्हणायचा, "सोड्याच्या बाटलीसारखी. हिरवी."

"शाबास!" नमुना म्हणायचा, आणि पाय काढून घेऊन घाईनं निघायचा. कारण घरून निघताना कानावर 'काळी' आलेली असायची.

बरं, रोज चुकत असती तरी एक वेळ ठीक. पण नाही. दोन दिवस बरोबर, तिसऱ्या दिवशी चूक. कधी शर्ट बरोबर, मोजे चूक. "हुशार आहे," नमुना मनात म्हणायचा. "रोज केलं तर पकडली जाईल, म्हणून मधूनमधून करते." एकदा डोक्यात किडा शिरला की सगळंच वळवळायला लागतं बघा. ती कपाटापाशी जास्त वेळ उभी राहायला लागली, हा म्हणायचा, बेत आखतेय. ती म्हणाली, "अहो, या कपाटापाशी मोठा दिवा लावा ना, केव्हाची सांगतेय," तर याला वाटायचं, विषय बदलतेय. ती हसली तर का हसली. नाही हसली तर का नाही.

शेवटी यानं सापळा लावला. दुकानातून मोज्यांचे दोन जोड आणले. एकाच्या चिठ्ठीवर 'तपकिरी', एकाच्या 'हिरवा'. दोन्ही चिठ्ठ्या काढल्या, आणि हिरव्याच्या आतल्या बाजूला दोऱ्याची बारीक गाठ मारली, म्हणजे आपल्याला बोटानं कळावं. संध्याकाळी अगदी सहज विचारल्यासारखं केलं.

"अगं, यातला तपकिरी कोणता?"

तिनं दोन्ही जोड हातात घेतले. खिडकीशी गेली. इकडं वळवून बघितले, तिकडं वळवून बघितले. बराच वेळ. मग परत येऊन त्याच्या मांडीवर टाकले.

"दुकानात तुम्ही, आणि विचारता मला? मला काय कळतंय रंगातलं?"

झालं! त्याचेच शब्द, जसेच्या तसे! नमुना ते मोजे धरून बसून राहिला. आता संशयाला जागाच उरली नाही, त्याला वाटलं. बाईनं सूड धरलाय. एवढी वर्षं जिच्या भरवशावर डोळे मिटून पँटीत पाय घातला, तीच आता आपल्याला भर दुकानात उघडं पाडणार.

आणि वेळही कशी, बघा. दुसऱ्याच दिवशी मालकानं त्याला बाजूला बोलावलं.

"जावईबापू म्हणतात, तुला रंगच कळत नाहीत. मी म्हटलं, वेड लागलंय का! पण ते हटून बसलेत. उद्या ते सगळ्या चिठ्ठ्या काढून कपडे मांडणार. तू जोड्या लाव आणि त्यांचं तोंड बंद कर."

"आणि नाही लागल्या तर?"

मालक हसला. "चेष्टा करतोस?"

त्या रात्री नमुना ताट तसंच सारून उठला. एकच वाट होती. घरातल्या बाईला सांगायचं, की उद्या दुकानात चल, नाहीतर काहीतरी खूण शिकव. पण जी सापळा लावून बसलीय तिच्याच पुढं मान कशी वाकवायची?  कूस बदलत पडून राहिला.

सकाळी ती उठली. हा जागाच होता, पण डोळे मिटून पडला. म्हटलं, आज बघूच काय करते ते. तिनं कपाट उघडलं. एक पँट काढली, नाकाशी धरली. अंगठ्यानं बटणं चाचपली. कापड चुरगाळून बघितलं. मग पँट आणि दोन शर्ट हातावर टाकून पाय न वाजवता गॅलरीत गेली.

नमुना उठला आणि दाराच्या आड जाऊन उभा राहिला. आता काय ते कळणार! गॅलरीला लागूनच शेजारची गॅलरी. तिथं एक नर्स राहायची, सकाळची पाळी असली की ती लवकर उठून केस विंचरत उभी असायची. म्हणजे दोघी मिळून आपली मजा करतात तर. 

बायकोनं पँट उंच धरली आणि हसत हसत नर्सला म्हणाली, "सांग बरं, ही कोणत्या रंगाची? बघू ओळखतेस का!"

नमुना जागच्या जागी थिजला.

हे वाक्य त्याचं होतं. पॉलिशवाल्यापुढं रोज म्हणायचा ते. तोच सूर, तेच उसनं हसू, तीच मोठ्या माणसाची ऐट. आणि ते वाक्य माणूस कधी म्हणतो हे जगात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"मरून आहे काकू," नर्स म्हणाली. "काल पण हेच विचारलंत. डोळे दाखवा हो एकदा. मोतीबिंदू असेल. आमच्याकडं रोज येतात असे, सगळं धुकट पिवळट दिसतं म्हणतात."

"गप गं. मी नुसती तुझी परीक्षा घेते."

"आणि परवा भिंतीवरची पाल समजून हुकाला झाडू मारत होतात ती पण परीक्षाच का?"

बायको हसली, पण हसणं पुरतं झालं नाही. नर्स घड्याळ बघत आत गेली. बायको गॅलरीत एकटीच उभी राहिली, पँटीची घडी घालत, उलगडत, पुन्हा घालत.

नमुना बाहेर आला. तिनं दचकून कपडे छातीशी धरले.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"काय कधीपासून?"

"अगं, बास झालं आता."

ती कठड्याला टेकली. "वर्ष झालं असेल. आधी निळा गेला. मग अंधारात सगळेच गडद रंग एक झाले. दिवा लावा म्हणत होते ते का?"

"मला सांगायचं नाही?"

"कशी सांगणार?" ती एकदम उसळली. "रंगाऱ्याची पोर मी! आणि तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, हिला काय कळतंय रंगातलं. मला वाटलं, यांना कळलं. कळलं आणि माझ्या भावापुढं बोलून दाखवलं. आणि वर ते मोजे घेऊन आलात परीक्षा घ्यायला!"

बघा म्हणजे! हा समजत होता ती डाव टाकतेय, ती समजत होती हा डाव टाकतोय. एका छपराखाली दोन पोलीस आणि चोर कुणीच नाही.

नमुना पुढं झाला. त्यानं तिच्या हातातला एक शर्ट घेतला आणि उजेडात धरला. "हा निळा आहे," तो म्हणाला. "निळा मला दिसतो."

"मला नाही दिसत तो. मला मातकट दिसतो." तिनं पँट वर धरली. "पण ही तांबूस आहे, एवढं उन्हात मला कळतं."

"मला नाही कळत."

दोघं एकमेकांकडं बघायला लागले. मग ती फिसकन हसली. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी जोडीनं कपडे निवडले त्या दिवशी. निळा आहे का ते त्यानं सांगायचं, तांबडा आहे का ते तिनं सांगायचं, आणि उरेल त्यावर भांडायचं. मोजे घालताना तो म्हणाला, "त्या दिवशी तुझ्या भावाकडं मी खोटं बोललो."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "मला सांगून काय उपयोग? भावाला सांगा."

"सांगतो की."

दुकानात जावयानं कपड्यांचे ढीग मांडूनच ठेवले होते. नमुना त्यांच्याकडं गेलाच नाही. सरळ मालकापुढं उभा राहिला. "मला हिरवा-तांबडा दिसत नाही. कधीच दिसला नाही. जोड्या माझी बायको लावते."

आता मालकालाच संशय! "परीक्षा टाळायला बहाणा करतोस होय रे? इतकी वर्षं विकतोयस!"

"चिठ्ठ्या वाचून."

"खोटं. हा शर्ट कोणता?"

"एक तर हिरवा, नाहीतर तपकिरी."

"आणि हा?"

"तोही."

टाचणीनं तोंडातल्या टाचण्या हातावर काढून ठेवल्या. मालक खुर्चीत बसला. शेवटी म्हणाला, "दार सोड. आत ये, चिठ्ठी असेल तेच विक." दारात आता जावई उभा असतो. चौकड्यांचा शर्ट आणि पट्ट्यांची पँट, दोघंही एकदम बोलतात, कुणीच ऐकत नाही. गिऱ्हाइकं त्याच्या बाजूनं वाट काढत आत नमुन्याकडं येतात.

बायकोच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. पट्टी निघाल्यावर तिनं घरी येऊन पहिल्यांदा कपाट उघडलं आणि डोक्याला हात लावला. "अगं बाई! हे घालून जात होतात तुम्ही?" आता तिला भिंतीवरच्या मुंगीचे पाय दिसतात. कपाटापाशी मोठा दिवाही लागला. खुर्चीवर कपडे पुन्हा पहिल्यासारखे, शर्ट बरोबर, पँट बरोबर, पट्टा-बूट एका घरचे.

आणि तरी परवा टाचणी म्हणाला, "काय नमुनासाहेब, पुन्हा वाटणी?" एक हिरवा, एक मरून! नमुन्यानं घरी येऊन विचारलं, तर बायको शांतपणे म्हणाली, "दोन्ही तपकिरी आहेत. टाचणीला डोळे दाखवायला सांगा."

आता आली का पुन्हा पाल! तिचे डोळे तर लखलखीत. मग ही चूक कसली? तो पॉलिशवाल्याकडं जातो, एक दिवस जोडी जुळते, दोन दिवस नाही. बायकोकडं बघतो, ती भाजी निवडत असते, गालात काहीतरी असतं, हसू की काय, त्याला कळत नाही. एवढं मात्र कळतं, की मेहुण्याला सांगायचं अजून राहिलंय. रविवार आला की याला दुकानात काम निघतं.

तेव्हा एक काम करा माझं. तुम्ही त्या बाजूला गेलात, तर त्या दुकानात डोकवा. काही विकत घेऊ नका हवं तर. नुसतं बुटाची नाडी बांधायला वाकल्यासारखं करा, नमुन्याच्या मोज्यांकडं नीट बघा, आणि जोडी जुळलीय का ते मला येऊन सांगा. म्हणजे मला कळेल, तो मेहुण्याकडं जाऊन आला की नाही.